जुन्या गोधडीचा काळ आणि तिचे मोल कसे ठरवावे

जुनी गोधडी समोर आली की बहुतेक घरांत तिचे वय शंभर वर्षे सांगितले जाते. ती आजेसासूबाईंच्या लुगड्याची आहे, म्हणजे त्यांच्याच काळातली असली पाहिजे, असा त्यामागचा हिशोब असतो. परंतु लुगडे विणले जाणे, नेसून विरणे, फाटल्यावर दंड घालून पुन्हा नेसले जाणे आणि शेवटी त्याचे तुकडे गोधडीत जाणे यांत पंधरा-वीस वर्षे सहज लोटतात. आवडीच्या काठापदराचे लुगडे तर अनेकदा सुनेने किंवा नातसुनेने, आठवण म्हणून, बऱ्याच नंतर गोधडीला घातलेले असते. कापडाचे वय आणि गोधडीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोधडी तिच्यातल्या सर्वांत नव्या मूळ तुकड्यापेक्षा जुनी असू शकत नाही, हा या कामातला पहिला आणि शेवटपर्यंत उपयोगी पडणारा नियम होय. पुढच्या बहुतेक पायऱ्या तो तुकडा नेमका ओळखण्यासाठीच आहेत.

येथे महाराष्ट्रातील हातशिवणीची गोधडी, म्हणजे अनेक भागांत जिला वाकळ म्हणतात ती, विचारात घेतली आहे. बंगालची कांथा, सिंध-गुजरातची रल्ली किंवा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांनाही हीच पद्धत लागू पडते, मात्र खुणा बदलतात. सिद्दी कवंदी कडेपासून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुले बसवलेली असतात. सीमाभागातून आलेल्या गोधडीवर अशी फुले दिसली, तर ती महाराष्ट्रातली आहे असे गृहीत धरू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

गोधडी धुऊ नये, इस्त्री करू नये आणि आतले थर पाहण्यासाठी उसवू नये. नवख्या माणसाचा हात सर्वप्रथम धुण्याकडेच जातो आणि त्याच धुण्यात गिरणीचे पुसट शिक्के, कच्चे रंग आणि विरलेले धागे नाहीसे होतात. कसर किंवा वाळवी दिसत असेल, तर गोधडी स्वच्छ सुती चादरीत गुंडाळून इतर कपड्यांपासून वेगळी ठेवावी आणि पाहणी झाल्यावरच पुढचा विचार करावा. साधने थोडीच लागतात: खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, खाली अंथरायला पांढरी चादर, छायाचित्रे काढता येतील असा फोन आणि एक वही. नोटा तपासण्यासाठी मिळतो तसा अतिनील दिवा असल्यास उत्तम.

पहिली पायरी: नोंद

चादरीवर गोधडी पसरून आधी संपूर्ण दर्शनी बाजूचे, मग पाठीचे, मग चारही कडांचे छायाचित्र घ्यावे. त्यानंतर वहीत गोधडीचा साधा आराखडा काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा. लहान-मोठ्या अनेक चिंध्यांची वाकळ असेल तर हे काम किचकट होते, तरीही ते टाळू नये, कारण पुढचे प्रत्येक अनुमान कोणत्या तुकड्यावरून काढले हे सांगता आले नाही तर त्या अनुमानाला किंमत राहत नाही. लांबी-रुंदी दोन-दोन ठिकाणी मोजावी. कड जेथे झिजून उघडी पडली असेल तेथे भिंगातून थर मोजता येतात. तेथे आत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे, जुनी झीज असलेले थर दिसले, तर आत एक जुनी गोधडीच आहे आणि तिच्यावर नंतर नवे कापड चढवले आहे असे समजावे. असे थरावर थर चढवणे आपल्याकडे अगदी सर्रास होते, आणि अशा गोधडीला एक वय नसून निदान दोन वये असतात.

दुसरी पायरी: मूळ तुकडे आणि नंतरची ठिगळे

संपूर्ण तपासणीतला सर्वांत निर्णायक भाग हाच आहे. मूळ तुकड्यावरून जाणारा धावदोरा शेजारच्या तुकड्यावरही त्याच ओळीत, त्याच रंगात पुढे जातो आणि पाठीमागे उमटतो. नंतर लावलेले ठिगळ आधीच्या धावदोऱ्याच्या ओळी झाकून टाकते. त्याच्या कडा स्वतंत्रपणे दुमडून टाचलेल्या असतात, आणि त्याचे टाके बहुधा सगळ्या थरांतून जात नाहीत. गोधडी उलटून पाहावी: दर्शनी बाजूला ठिगळ असूनही पाठीमागे जुन्या ओळी अखंड दिसत असतील, तर ते ठिगळ दुरुस्तीचे आहे. आराखड्यात अशा ठिगळांना वेगळी खूण करावी. त्यांच्यावरून गोधडी किती काळ वापरात होती हे कळते. ती केव्हा शिवली हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही.

तिसरी पायरी: कापड ओळखणे

मूळ तुकडे निश्चित झाल्यावर एकेकाचे कापड पाहावे. सर्वांत आधी धागा कृत्रिम आहे का, हे तपासावे, कारण काळाची सर्वांत पक्की रेषा तेथे सापडते. नायलॉनचे उत्पादन भारतात १९६२ च्या सुमारास आणि पॉलिएस्टरचे १९६५ च्या सुमारास सुरू झाले. आयात केलेले नायलॉन त्याआधीही शहरांतील सधन घरांत पोहोचले होते. खेड्यातल्या गोधडीत टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्र कापडाच्या, शर्टाचा तुकडा मूळ शिवणीत असेल, तर ती शिवण साठच्या दशकाच्या उत्तरार्धाच्या आधीची असण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि कपडा जुना झाल्यावरच गोधडीत जातो हे लक्षात घेता सत्तरचे दशक अधिक संभवते. कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन, हे मात्र याहून बरेच जुने आहे. ते १९२० नंतर आयातीच्या मार्गाने भारतातील साड्यांच्या काठांत आणि पदरांत येऊ लागले होते. म्हणून पदर चमकतो एवढ्यावरून गोधडी नवी ठरवू नये, आणि तो खऱ्या रेशमाचा आहे असेही मानू नये.

मग सुती कापडाकडे वळावे. हातमागाच्या कापडात धाग्यांची जाडी असमान असते, वीण कोठे दाट तर कोठे विरळ दिसते, आणि किनारीलगत, विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक छिद्रे कधीकधी सापडतात. गिरणीचे कापड एकसारखे असते. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ पासून चालू झाली, तर त्याआधीपासून इंग्लंडचे गिरणी कापड येतच होते. त्यामुळे आज आपल्या हाती येऊ शकणाऱ्या कोणत्याही गोधडीत गिरणी कापड असणे स्वाभाविक आहे आणि त्यावरून फारसे काही ठरत नाही. उलट, हातमागाचे कापड म्हणजे जुने कापड, हाही गैरसमज आहे, कारण इरकल आजही हातमागावर विणले जाते आणि खणही. खादीच्या बाबतीत थोडी मदत होते: कापडावर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा शिक्का असेल तर ते कापड १९५७ नंतरचे, कारण हा आयोगच त्या वर्षी स्थापन झाला.

छापील कापडात छापण्याची रीत पाहावी. लाकडी ठशांच्या छपाईत दोन ठशांच्या सांध्यावर रेषा किंचित सरकलेली किंवा दुहेरी झालेली दिसते, आणि रंग प्रत्येक ठशाला थोडा कमी-जास्त उतरतो. गिरणीच्या रुळावरची छपाई एकसारखी आणि बारीक रेषांची असते, आणि तिची नक्षी ठरावीक अंतराने तंतोतंत पुन्हा येते. फार मोठी, सपाट रंगांची फुले असतील तर ती जाळीच्या छपाईची (स्क्रीन प्रिंटिंगची), म्हणजे बहुधा स्वातंत्र्यानंतरच्या काळातील, असे मानायला हरकत नाही.

रंगांवरून काळ ठरवण्याचा मोह आवरावा. कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ साली विल्यम पर्किनच्या जांभळ्या रंगापासून सुरू होतो. मंजिष्ठेच्या मुळांतून मिळणाऱ्या लाल द्रव्याची कृत्रिम निर्मिती १८६८ साली साधली आणि कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली. पण कृत्रिम नीळ आणि झाडापासून काढलेली नीळ रासायनिक दृष्ट्या एकच आहे, त्यामुळे निळा तुकडा पाहून ती कोणती हे डोळ्यांनी सांगणारा माणूस अंदाजच करत असतो. रंगांचा खरा उपयोग स्थिती समजण्यासाठी होतो. शिवणीत दुमडलेला भाग आणि उघडा भाग यांची तुलना केली की मूळ रंग किती उडाला ते दिसते. निळीचा रंग घासल्या जाणाऱ्या घड्यांवर आधी उतरतो. गूळ आणि लोखंडाच्या पाण्यातून केलेला काळा किंवा काळपट तपकिरी रंग तर कापडच खातो, म्हणून जुन्या ठशांच्या छपाईत नेमक्या काळ्या रेषांच्या जागी बारीक फटी पडलेल्या दिसतात. अशा फटी ही हयगयीची खूण नसते, आणि मोल ठरवताना त्यांचा हिशोब वापराच्या झिजेत धरू नये.

चौथी पायरी: शिक्के आणि आकडे

अस्तराच्या आतल्या बाजूला, कडेच्या दुमडीत, किंवा मांजरपाटाच्या तुकड्यावर गिरणीचा शिक्का क्वचित सापडतो, आणि सापडला तर त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यानुसार ठाणावर त्याची लांबी वारांत छापावी लागे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या कापड नियंत्रण आदेशानंतर, किंमतही छापली जाऊ लागली. शिक्क्यात वार आहेत की मीटर, हे आधी पाहावे, कारण साठच्या दशकाच्या आरंभी वारांची जागा मीटरने घेतली. किंमत आण्यांत असेल तर कापड १ एप्रिल १९५७ च्या आधीचे किंवा फार तर त्या संक्रमणाच्या दिवसांतले. ‘नये पैसे’ असे शब्द असतील तर १९५७ ते १९६४ एवढ्या सात वर्षांत ते कापड बांधून टाकता येते, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ हे विशेषण गळून नुसते ‘पैसे’ राहिले. अस्तराला साखरेच्या किंवा मैद्याच्या पोत्याचे कापड लावलेले असेल, तर वजन पौंडांत आहे, मणांत आहे की किलोत, हेही याच रीतीने वाचावे.

पाचवी पायरी: दोरा, टाका आणि दोन साध्या चाचण्या

गोधडीचा दोरा पूर्वी बहुधा सुती असे आणि कित्येकदा तो जुन्या लुगड्याच्या किनारीतून काढून पीळ देऊन वापरला जाई. असा काढलेला दोरा भिंगात लहान लहान तुकड्यांचा, वारंवार गाठी घातलेला दिसतो. यंत्राची टीप असली म्हणजे गोधडी नवी, असे मात्र नाही. शिवणयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत भारतात विकली जात होती, आणि झंपराचा किंवा सदऱ्याचा तुकडा मूळ कपड्याच्या टिपेसह गोधडीत येतो. तुकड्यातली टीप आणि गोधडीची शिवण यांची गल्लत करू नये.

ज्वालेची चाचणी फक्त आपोआप सुटलेल्या धाग्यावर, गोधडीपासून दूर, चिमट्यात धरून आणि शेजारी पाणी ठेवून करावी. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. रेयॉन सुतासारखाच जळतो, म्हणून त्याच्यासाठी दुसरा सुटा धागा ओला करून ओढावा. ओला रेयॉन चटकन तुटतो, ओले सूत मात्र अधिक चिवट होते.

अतिनील दिव्याखाली काही पांढरे कापड निळसर चमकते. ही चमक आणणारी द्रव्ये कापडाच्या कारखान्यांत आणि धुण्याच्या पावडरींत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. सर्फ भारतात १९५९ साली आले आणि टिनोपॉल हे असेच चमक आणणारे द्रव्य वापरून कपडे पांढरेशुभ्र करण्याची रीत त्यानंतर घरोघर गेली. जुने कापड नंतर धुतल्यानेही चमकते, म्हणून चमक पाहून घाईने निर्णय देऊ नये. वरचे कापड चमकते आणि दुमडीतले चमकत नाही, तर चमक धुण्यातून आली. कापड मुळीच चमकत नाही आणि शिवणीचा दोरा तेवढा लखलखतो, तर शिवण अलीकडची आहे, आणि ही खूण अतिशय महत्त्वाची आहे. जुन्या साड्यांचे तुकडे गोळा करून ते आज नव्याने शिवायचे आणि ‘जुनी गोधडी’ किंवा ‘जुनी कांथा’ म्हणून परदेशी ग्राहकाला विकायचे, हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. त्यात कापड खरोखर जुने असते; गोधडी नवी असते. विकणारा तसे सांगत असेल तर त्यात गैर काहीच नाही, पण जुन्या गोधडीची किंमत तिला देऊ नये.

सहावी पायरी: माणसांना विचारणे

‘ही कोणत्या साली शिवली?’ असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. ज्यांनी ती शिवली त्यांनी साले लक्षात ठेवली नव्हती, पण प्रसंग ठेवले होते. म्हणून प्रसंगांच्या आधारे विचारावे: बहात्तरच्या दुष्काळात ही घरात होती का, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (डिसेंबर १९६७), पानशेतच्या पुरात (जुलै १९६१), किल्लारीच्या भूकंपात (सप्टेंबर १९९३) ही कोणाच्या अंगावर होती? कोणाच्या बाळंतपणात दुपटे शिवले, कोणाच्या लग्नात पाहुण्यांसाठी ही घडीवर ठेवली होती? शिवणारीचे नाव, तिचे माहेर आणि सासर, शेजारणी हाताखाली होत्या की मजुरी देऊन शिवून घेतली, आणि कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे सारे त्याच बैठकीत, शक्य असल्यास आवाज मुद्रित करून घ्यावे. सांगणारी व्यक्ती ऐंशी-नव्वदीची असेल तर कापडाची तपासणी मागे ठेवून हे काम आधी करावे. कापड आणखी दहा वर्षे थांबू शकते.

काळ कसा लिहावा

निष्कर्ष नेहमी दोन टोकांमध्ये लिहावा. समजा, एका वाकळीत इरकलचे तुकडे आहेत, ठशांच्या छपाईची छीट आहे, अस्तराच्या मांजरपाटावर ‘नये पैसे’ वाचता येतात, आणि एका कोपऱ्यात टेरिकॉटचे ठिगळ आहे. ठिगळाखाली जुना धावदोरा अखंड असेल, तर ते दुरुस्तीचे आहे आणि वाकळ १९५७ नंतरची, बहुधा साठच्या दशकातली, सत्तरच्या दशकात किंवा त्यानंतर दुरुस्त झालेली ठरते. तोच टेरिकॉट मूळ शिवणीत असेल, तर सगळी वाकळ सत्तरच्या दशकाकडे सरकते, मग इरकल कितीही जुने असो. निष्कर्षाशेजारी आधार लिहावा: तुकडा क्रमांक, खूण आणि खात्री किती ते.

शंभर वर्षांची गोधडी सापडणे मुळात दुर्मीळ आहे, याचे कारण ती जीर्ण होईपर्यंत वापरली जाते आणि मग दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. आंबेजोगाईला दासोपंतांची (१५५१-१६१५) सुमारे चाळीस फूट लांबीची, ग्रंथ लिहिलेली पासोडी टिकली, कारण ती पांघरली गेली नाही, जपली गेली. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांची, मूळ स्थितीतली वाकळ हीसुद्धा आदराने हाताळण्याजोगी वस्तू आहे, आणि तिला ओढूनताणून शतकापलीकडे नेण्याची काही गरज नाही.

मोल ठरवताना

आधी मोल कशासाठी हवे ते ठरवावे. विक्रीसाठी, विम्यासाठी आणि भावंडांमधील वाटणीसाठी निघणारे आकडे एकसारखे असत नाहीत. विम्यासाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याच आकाराची, तेवढ्याच दाट टाक्यांची हातशिवणीची गोधडी आज शिवून घेण्यास किती मजुरी पडेल हे दोन-तीन ठिकाणी गोधडी शिवणाऱ्या बायकांना विचारणे. तो आकडा किमान धरावा. प्रामाणिक मजुरीचा आकडा ऐकल्यावर बाजारात गोधड्या किती स्वस्त विकल्या जातात हे जाणवते, आणि ते जाणवायलाच हवे.

विक्रीचे मोल यापेक्षा अवघड आहे, कारण तुलनेला आधार कमी आहे. अमेरिकेत १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या आणि त्यानंतर तेथे संग्राहक, मूल्यमापक आणि लिलाव यांची व्यवस्था वाढत गेली. नेब्रास्कातील लिंकन येथे तर आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय उभे आहे. कांथेला गुरुसदय दत्त आणि स्टेला क्रामरिश यांच्यासारखे जाणकार संग्राहक लाभले. त्यांचे संग्रह आज अनुक्रमे कोलकात्याजवळील गुरुसदय संग्रहालयात आणि फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात आहेत. गोधडीच्या वाट्याला असे संग्राहक आणि अशी बाजारव्यवस्था आलेली नाही. म्हणून संकेतस्थळांवर विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहून मोल ठरवू नये. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचाच आकडा तुलनेला घ्यावा, आणि तीही हातशिवणीच्या, त्याच काळातल्या, त्याच स्थितीतल्या गोधडीची.

तुलना करताना माझ्या मते सर्वाधिक वजन वयाला न देता शिवणीला आणि माहितीला द्यावे. टाके दाट आणि ओळी एकमेकींशी समांतर आहेत का, रंगांची मांडणी विचारपूर्वक केली आहे का, काठ आणि पदर योजून लावले आहेत का, चारही कडा शाबूत आहेत का, हे पाहावे. त्यानंतर शिवणारीचे नाव, गाव आणि कहाणी लेखी उपलब्ध आहे का, ते पाहावे. नाव नसलेली ऐंशी वर्षांची वाकळ आणि नाव, गाव, तुकड्यांची ओळख यांसह आलेली पन्नास वर्षांची वाकळ यांत संग्रहालयाचा अभ्यासक दुसरीकडे आधी वळेल. डाग, कसरीची भोके, नंतरची यंत्राची टीप आणि कडक पावडरीने केलेली धुणी मोल कमी करतात. जुनी, हातची, नेटकी दुरुस्ती मोल कमी करत नाही. ती त्या गोधडीच्या आयुष्याचा भाग आहे.

विक्रीचा विचार असेल तर कायदाही पाहावा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती किंवा हस्तकौशल्याची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. म्हणजे ‘शंभर वर्षांची’ असे हौसेने लिहून परदेशी पाठवलेली गोधडी सीमाशुल्क अधिकाऱ्याने अडवली तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तू त्याहून नवी असून परदेशी न्यायची असेल आणि शंका येण्याजोगी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळवावे. त्या अर्जाला तुकड्यांच्या क्रमांकांसह केलेली नोंद आणि छायाचित्रे जोडावीत. मूळ वही मात्र स्वतःजवळ ठेवून तिची एक प्रत गोधडीसोबत, सुती पिशवीत घालून द्यावी.